भट्टी निवताना

कैरी फोडली की माझ्या नाकात अमोनिया येतो. एकदा हे सुनेला सांगितलं, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तिचं काही चुकलं नाही. लोणच्याच्या कैरीत अमोनियाचं काय काम? पण आमच्या पिपरी मेघेच्या गल्लीच्या तोंडाशी दर ज्येष्ठात एक जण पाटावर भला मोठा अडकित्ता ठोकून बसतो, बाया पिशव्या घेऊन त्याच्याभोवती कोंडाळं करतात, कोयीसकट फोडी खटाखट पडू लागतात, आणि त्या आंबट वासातून तो दुसरा, डोळ्यांत पाणी आणणारा वास हळूच वर येतो. मी पदर नाकाला लावते. बायांना वाटतं, म्हातारीला ऊन लागलं.

ऊन लागायचं ते मला फार आधीच लागून गेलंय. ऐंशी सालाच्या पुढचा कुठलासा उन्हाळा होता. आम्ही तेव्हा वर्ध्यातच, स्टेशनच्या अलीकडे भाड्याच्या घरात राहायचो. गावाकडची शेती बटईनं दिलेली. घरात आमचे हे, सासूबाई, आणि माझी नणंद कुसुम. हे कचेरीत जायचे ते दिवे लागायला परत. सासूबाईंचा दिवस देवपूजा, निवडणं-टिपणं आणि माझ्या चुका यांत छान भरलेला असायचा.

कुसुम माझ्याच वयाची. सासूबाईंच्या पुढ्यात मी तिला 'कुसुमताई, तुम्ही' म्हणायची. त्या पाठमोऱ्या झाल्या की 'कुसुम, तू'. ती नागपूरहून एम.एस्सी. होऊन आली होती आणि शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात लागली होती. फवारणीच्या पंपाचे सुटे भाग बनायचे तिथं. नळीच्या टोकाला बारीक छिद्राची एक चकती असते, तिच्यातून औषध कपाशीच्या पऱ्हाटीवर धुक्यासारखं पडतं. पितळेची चकती औषधाच्या भुकटीनं झिजायची, छिद्र मोठं व्हायचं, आणि धुक्याच्या जागी धार लागायची. अर्धी पऱ्हाटीवर, अर्धी फवारणाऱ्याच्या हातापायांवर. लोखंडाची केली तर गंजायची. कुसुमला अशी चकती करायची होती जी गंजणार नाही आणि झिजणारही नाही. घरात या गोष्टीचं कुणाला काही वाटत नव्हतं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, पोरगी पंपाच्या दुकानात बसते.

त्या उन्हाळ्यात मात्र या चकतीला भलताच भाव आला. बंगलोरच्या एका प्रयोगशाळेतून तिच्यासाठी स्टीलची पावडर आली होती, आणि तिथल्या साहेबांनी निरोप दिला होता की ही चकती जमवून दाखव, मग इथंच ये कामाला. इकडे सासूबाईंनी हिंगणघाटचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. ह्यांनी मधला मार्ग काढला. उन्हाळाभर कुसुमनं तिचं काय ते करून पाहावं. जमलं तर बंगलोर, नाही तर पावसाळ्याच्या तोंडाशी हिंगणघाटवाले पाहायला येतील. म्हणजे त्या बोटभर चकतीवर माझ्या नणंदेचं सगळं आयुष्य टांगलेलं. आणि थोडंसं माझंही. हिंगणघाट काय, एसटीनं तासाभरावर. सणावाराला आली असती, मी गेली असती. बंगलोर तेव्हा मला नकाशातसुद्धा पटकन सापडायचं नाही.

दुपारी व्होल्टेज उतरायचं, भट्टी चढायची नाही. म्हणून कुसुम उजाडायच्या आत भट्टी लावायला जाऊ लागली. सासूबाई आडव्या आल्या. "जवान पोरगी गड्यायच्या कारखान्यात इतक्या सकायी एकटी जाणार नाई. वहिनीले राखणीले ने संगं." झालं. मी राखणदार. पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन सायकलरिक्षात तिच्या शेजारी बसायचं, थंड वारा खात निघायचं. लग्न झाल्यापासून उंबऱ्याबाहेर असं रोज उठून मी कुठं गेलेच नव्हते. सासूबाईंना वाटलं त्यांनी मला कामाला लावलं. मी तोंड पाडून 'बरं' म्हणायची आणि मनात उड्या मारायची.

ती स्टीलची पावडर पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा विरसच झाला. मला वाटलं होतं डब्यातून चकाकत बाहेर येईल. निघाली राखाडी, बारीक रव्यासारखी. ती साच्यात भरून दाबायची की चकती. पण कशी, तूप कमी पडलेल्या लाडवासारखी. बोट लागलं की भुगा. मग ती भट्टीच्या लांब नळीत सरकवायची आणि तापवायची.

"वितळवतं काय वं?" मी विचारलं.

"वितळू नाई द्यायचं, वहिनी. वितळलं का नुसता गोळा. इतकंच तापवायचं का कणानं कणाले धरलं पाह्यजे, पन आपली जागा सोडली नाई पाह्यजे."

"म्हंजे एकजीव."

"हाव. एकजीव, पन जीव जागच्या जागी."

नळीतून अमोनियाचा वायू फोडून, त्यातला नायट्रोजन सुटा करून सोडायचा, म्हणजे आत हवा शिरत नाही. वर त्यातला नायट्रोजन चकतीच्या अंगात जातो आणि ती टणक होते, झिजत नाही. 'जातो' म्हणजे कसा, ते मला कळेना. कुसुमनं इंग्रजी शब्द सांगून पाहिला, मग जरा थांबून म्हणाली, "मुरतो वं. खार मुरते तसा." एवढं मला पुरलं. त्या दिवसापासून भट्टी लागली की मी विचारायची, मुरलं का वं? ती काट्याकडे बघत म्हणायची, मुरून राह्यलं. कारखान्यातले गडी हसायचे.

पण खरी गंमत भट्टी बंद केल्यावर. चकत्या तापलेल्या बाहेर काढल्या तर हवा लागून काळ्या पडतात, म्हणून वायू चालू ठेवून भट्टी आपोआप निवू द्यायची, आणि तोवर कुणीतरी सिलिंडरपाशी बसून राहायचं. भट्टीला निवायला कसली घाई? सकाळ सरायची, ऊन कडक व्हायचं, पत्रा तडतडायचा, आणि आम्ही दोघी मागल्या दाराशी, कडुनिंबाच्या सावलीत, तिखट-मीठ लावून कैरी खात बसलेल्या. मधूनच आतून तो अमोनियाचा झणका यायचा, डोळे पुसायचे, पुन्हा बोलायला लागायचं. काय बोलायचो? सगळं. तिच्या हॉस्टेलातल्या पोरी, माझ्या माहेरची विहीर, सासूबाईंच्या चालण्याची नक्कल. मी नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणून ती मला मुद्दाम विचारायची, "तुह्या घरच्या सायेबाचं नाव काय वं?" आणि मी लाजले की कैरीची कोय फेकून मारायची.

आमच्याकडे बायासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. कुसुम नागपुरात राहून 'जाते, करते' शिकून आली होती, कारखान्यात तसंच बोलायची. पण निंबाखाली बसली की 'जातो-करतो'वर यायची, आणि मला वाटायचं, आता ही माझी झाली.

एक सकाळ विसरत नाही. त्या आधीच्या हिवाळ्यात माझं पोर पोटातच गेलं होतं. घरात कुणी मला काही बोललं नाही. वाईट नाही आणि बरंही नाही. चार दिवस निजू दिलं, मग सासूबाईंनी दळणाचा डबा पुढं सरकवला, आणि ती गोष्ट मिटली. कुसुम तेव्हा नागपूरला होती. त्या सकाळी कैरी चाटता चाटता तिनं खाली मान घालून विचारलं, "वहिनी, तुले त्याची याद येते काय वं?" मी कैरी हातात धरून रडले. इतकी रडले की आतला गडी वायू गळतोय की काय म्हणून बाहेर पाहायला आला. कुसुम काही समजूत घालत बसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून भट्टी निवेपर्यंत नुसती बसून राहिली. पुढं मला दोन मुलं झाली, नातवंडं झाली, पण त्या पहिल्याबद्दल मला तेवढ्या एकाच माणसानं विचारलं.

चकत्या काही जमत नव्हत्या. टणक व्हायच्या, कानसेलाही दाद द्यायच्या नाहीत, पण मिठाच्या पाण्यात टाकल्या की दोन-चार दिवसांत तांबूस डाग. कुसुमनं भट्टी चढवून पाहिली, उतरवून पाहिली, पावडर जास्त दाबून पाहिली. मालक भला माणूस, पण व्यापाऱ्याच्या घरातला. तो म्हणायचा, "बेटा, इस्टील को भी जंग लगता है क्या?" कुसुम हिरमुसायची. रिक्षात मला म्हणायची, "जाऊ दे, हिंगणघाट काही वाईट नाई." मी म्हणायची, "असं काऊन म्हणतं वं." आणि म्हणता म्हणता मला हिंगणघाटची एसटी दिसायची, खिडकीत ती. हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी असायचं, आणि दोन्ही खरं असायचं.

मग गिरडला जायचा दिवस आला. तिथल्या टेकडीवरच्या दर्ग्याला सासूबाईंचा नवस होता. आमच्याकडे गिरडच्या बाबाला जाताना कोण हिंदू, कोण मुसलमान, हे कुणी विचारत नाही. नवस अर्थात पोरीचं जमू दे म्हणून. सकाळचीच एसटी धरायची होती, आणि कुसुमनं हट्टानं त्याही दिवशी भट्टी लावलेली. सासूबाई स्टँडवर पिशवी घेऊन उभ्या, आणि आम्ही भट्टी निवायची वाट बघतोय, हे कसं चालायचं? शेवटी कुसुमनं लांब सळई घेतली आणि चकत्यांचं तबकच आतल्या आत ढकलत नळीच्या थंड टोकाला नेलं. वायू चालूच. बघता बघता चकत्या निवल्या. "हा घाणा गेला वाया," ती म्हणाली, चकत्या रुमालात बांधल्या, आणि आम्ही धावतच स्टँड गाठला.

गिरडच्या टेकडीवर जायफळाएवढे गोल खडे सापडतात. एका व्यापाऱ्यानं बाबाची थट्टा केली आणि त्याच्या गाड्यातल्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. सासूबाई डोळे मिटून मागत होत्या, आणि कुसुम एक खडा बोटांत फिरवत माझ्या कानाशी म्हणाली, "बाबाले एका घाण्यात जमलं." मला हसू फुटलं. सासूबाईंनी डोळे न उघडताच मला चिमटा काढला.

रुमाल घरी आल्यावर कोनाड्यात पडला. आधीच्या घाण्यातल्या चकत्यांची एक पुरचुंडी तिथं होतीच. त्याच आठवड्यात लोणचं घातलं. फोडी खारात बुडाव्यात म्हणून आम्ही बरणीत वर बशी ठेवतो आणि बशीवर वजन. नेहमीचा घासलेला दगड काही सापडला नाही, तशी सासूबाईंची नजर कोनाड्याकडे गेली. वजन ते वजन, आणि स्टील म्हणजे त्यांच्या लेखी सोन्याच्या खालोखाल. जुन्या लुगड्यांवर घेतलेले चार पेले त्या पाहुण्यांशिवाय काढायच्या नाहीत. एका बरणीत त्यांनी पुरचुंडी ठेवली, दुसरीत रुमाल, वर दादरे बांधले, आणि कुणाला सांगितलं नाही. कुसुमनं दोन्ही कधी शोधलेही नाहीत. एक घाणा गंजणारच होता आणि दुसरा वाया गेलेला.

काही दिवसांनी बरण्या हलवायला काढल्या. पहिलीचा दादरा सोडला आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. खार काळपट, पुरचुंडीभोवती तांबडं. लोणचं नासलं की आमच्या घरात एकच प्रश्न असायचा, विटाळाचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शिवली काय वं तू बरणीले? खरं सांग."

"नाई वो आई. मी तं त्या दिवशी दूरच बसून होतो."

"मंग काऊन नासलं?"

त्यांनी दुसरी बरणी सोडली. खार कसा, पिवळाधमक. रुमाल मोहरीनं माखलेला. मी गाठ सोडली. चकत्या आतून तशाच, पेल्याच्या बुडासारख्या उजळ. एकीवरही डाग नाही. "फेकून दे ते सारं उकिरड्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मी ओसरीवर बसले. एका हातात पुरचुंडी, दुसऱ्यात रुमाल. मला काही शास्त्र कळत नव्हतं, पण गिरडचा रुमाल कोणता हे कळत होतं. त्या दिवशी काय वेगळं केलं तेही मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उकिरडा चार पावलांवर. फेकायला तर मला सांगितलेलंच होतं. कुणी विचारलं नसतं, कधी कळलं नसतं. ओसरीवरून रस्ता दिसायचा. त्या रस्त्यानं हिंगणघाटची एसटी जायची.

दोन्ही पदरात बांधलं आणि चपलाही न घालता कारखान्यात गेले. रस्ता तापलेला, पाय पोळले. कुसुमनं चकत्या पाहिल्या, रुमाल पाहिला, आणि खाली बसली. मग मला समजावून सांगू लागली, खरं तर स्वतःलाच.

"स्टीलमंधी क्रोमियम रायते, वहिनी. तेच गंजू देत नाई, राखण करते. आपण भट्टी सावकाश निवू द्यायचो. तितक्या वेळात ह्या नायट्रोजननं त्याले गाठलं. दोघंयची जोडी जमली, बसले एकमेकाले धरून. मंग राखणीले कोण उरलं?"

राखणीला मलाच तर पाठवलं होतं.

त्यानंतर भट्टी कधी सावकाश निवली नाही. तापवायचं, मुरवायचं, सळईनं झटक्यात थंड टोकाला ढकलायचं, संपलं. आम्ही उन्हं चढायच्या आत घरी. निंबाखालची फळी तशीच पडलेली. प्रत्येक घाणा मिठाच्या पाण्यातून उजळ निघायचा, कुसुमचे पाय जमिनीला लागायचे नाहीत, आणि मला तिचा आनंद व्हायचा, खरंच व्हायचा, आणि ते निवायचे तासही आठवत राहायचे. मला एकदम लक्षात आलं की ज्यानं चकती गंजत होती तेच मला हवं होतं.

तिला बंगलोरच्या गाडीवर सोडायला मी गेले होते. सासूबाईंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या आणि दुसऱ्या बरणीतलं लोणचं. त्या शेवटपर्यंत म्हणायच्या, गिरडच्या बाबानं एवढं एक ऐकलं नाई. बाबानं ऐकलं होतं, पण लेकीचं ऐकलं, हे त्यांना कोण सांगणार? कुसुमनं पुढं तिकडच्याच एका कानडी माणसाशी लग्न केलं, मोठी झाली, परदेशी जाऊन आली. फवारणीला नंतर प्लास्टिकच्या चकत्या आल्या, स्वस्त, झिजली की फेका. आमच्या चकत्या चार-दोन हंगाम चालल्या असतील. सासूबाई गेल्या तेव्हा ती आली होती. मग येणं विरळ झालं, मग गुडघे आले.

उजळ चकत्या तिनं नेल्या. पुरचुंडीतली एक गंजकी मी ठेवून घेतली. अजून आहे, देव्हाऱ्याच्या खणात. सुनेनं दोनदा विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, नणंद.

काल लोणचं घातलं. नको म्हणत होते सगळे, पाकिटातलं मिळतं म्हणून. हात भरलेले असतानाच फोन आला. नातवानं तो माझ्या कानाला लावून दिला.

"मुरलं का वं?" कुसुम दर वर्षी हेच विचारते.

"आताच तं घातलं."

मग गुडघ्यांचं झालं, उन्हाचं झालं, नातवंडांचं झालं. ती 'येते, जाते, करते' बोलत होती, तिकडचं. मध्येच म्हणाली, "ती गंजकी चकती अजून ठेवली आहेस का? फेक ना. ती बिघडलेली होती, वहिनी."

"मले माहीत हाय."

"मग?"

मला एवढ्या वर्षांत सांगता आलं नव्हतं ते मी सांगितलं. "तुही लय याद येते वं मले. रोज येते."

कूलरचा पंखा घरघरत होता. नातू कंटाळून दुसऱ्या पायावर उभा राहिला. मला वाटलं फोन कटला.

"काय करून राह्यली आता?" तिनं विचारलं. आवाज बदलला होता.

"निवून राह्यली," मी म्हटलं. "सावकाश."

"बरं," कुसुम म्हणाली. "मंग मी थांबतो. फोन नोको ठेवजो."